राणीचे यजमान : प्रिन्स आल्बर्ट यांचा कारभार व त्यांची शेती

घरजावयाची स्थिती आपल्या समाजात फारशी मानाची समजली जात नाही. तो कितीही कर्तबगार असला तरी सासरच्या अन्नावर वाढलेला असे लोक त्यास मागून म्हणतातच. आणि त्याने घरात काही सुधारणा सुचविल्यास जुने नोकरदेखील नाक मुरडतात. मग ज्याची पत्नी एका मोठ्या राज्याच्या गादीवरील राणी आहे, अशा पुरुषाची अवस्था किती अवघड असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचे पती प्रिन्स आल्बर्ट यांजवर हा प्रसंग आला होता. त्यांनी तो कसा निभावून नेला, व त्या कामी जमीन, गुरे आणि हिशेबाची वही यांचा त्यांस किती उपयोग झाला, हे थोडक्यात सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

जर्मनीत त्या काळी लहानमोठी अनेक संस्थाने होती. त्यांपैकी कोबुर्ग येथील ड्यूकच्या घराण्यात, रोझेनाऊ येथील वाड्यात, ता. २६ ऑगस्ट १८१९ रोजी आल्बर्ट यांचा जन्म झाला. ते धाकट्या पातीचे. गादी थोरल्या भावाची. आल्बर्ट पाच वर्षांचे असता आईबाप विभक्त झाले, आणि मुलास आईचे दर्शन पुन्हा कधीच घडले नाही. ती १८३१ साली पॅरिस येथे वारली. अशा रीतीने मायेचे छत्र लहानपणीच हरपलेला हा मुलगा गंभीर, अभ्यासू व वेळेचा काटेकोर असा वाढला. बॉन येथील विद्यापीठात त्याने कायदा, अर्थशास्त्र व तत्त्वज्ञान यांचे अध्ययन केले.

व्हिक्टोरिया ही आल्बर्ट यांच्या आत्याची मुलगी. तिचा जन्म त्याच वर्षी मे महिन्यात झाला होता, आणि दोघांच्याही जन्माच्या वेळी सुईण एकच होती, हा एक मौजेचा योग होय. १८३७ साली व्हिक्टोरिया गादीवर आली. गादीवरील राणीस कोणी मागणी घालू शकत नाही, असा तेथील शिरस्ता, सबब ता. १५ ऑक्टोबर १८३९ रोजी वधूनेच वरास मागणी घातली. ता. १० फेब्रुवारी १८४० रोजी लंडन येथे विवाह झाला.

परंतु लग्नापूर्वीच अपमानास आरंभ झाला होता. प्रधानमंडळाने वरास सालीना ५०,००० पौंड नेमणूक देण्याचे योजिले होते. पार्लमेंटने ती ३०,००० वर आणली. हा परदेशी, पैशावर डोळा ठेवून आलेला, अशी कुजबुज होती. राजाच्या पत्नीस राणीचा मान आपोआप मिळतो, परंतु राणीच्या पतीस कायद्यात काहीच दर्जा नव्हता. राज्याचे कागद त्यांस दाखविले जात नसत. वाड्यावर राणीच्या जुन्या शिक्षिका लेझनबाई यांचे वर्चस्व होते. आपण नवरा आहोत, पण घरधनी नाही, अशा आशयाचे पत्र त्यांनी लग्नानंतर थोड्याच महिन्यांत एका मित्रास लिहिले आहे.

अशा वेळी मानी पुरुष एक तर रुसून बसतो, नाही तर चैनीत दिवस घालवितो. आल्बर्ट यांनी तिसरा मार्ग धरिला. जे काम कोणी पाहत नव्हते ते त्यांनी हाती घेतले. ते काम म्हणजे वाड्याचा खर्च.

सरकारी दप्तरात आयुष्य घालविलेल्या माणसास तेथील अव्यवस्थेची हकीकत वाचून हसू आल्याशिवाय राहणार नाही. वाड्याचा कारभार तीन बड्या अधिकाऱ्यांत वाटलेला होता, आणि तिघेही वाड्यावर राहत नसत. चुलाणात लाकडे रचण्याचे काम एका खात्याचे, ती पेटविण्याचे दुसऱ्या खात्याचे. खिडकीच्या तावदानाची आतील बाजू एका खात्याने पुसावयाची, तर बाहेरील बाजू जंगल खात्याने. दोन्ही बाजू एकाच दिवशी स्वच्छ होतील तो सुदिन! आल्बर्ट यांनी प्रत्येक बाबीची टिपणे काढविली, अनेक वर्षे चिकाटीने पाठपुरावा केला, आणि अखेर वाड्यावरच राहणाऱ्या एका कारभाऱ्याच्या हाती सर्व व्यवस्था आणिली. नोकरमंडळी रागावली, पण गळती बंद झाली. १८४२ साली लेझनबाई जर्मनीस परत गेल्या. पुढे राणीने पतीचा सल्ला घेतल्यावाचून एकही महत्त्वाचा कागद निकालात काढिला नाही.

आता शेतीकडे वळू. विंडसर येथील राजवाड्याभोवती विस्तीर्ण राखीव माळ आहे. १८४१ साली त्याची देखरेख आल्बर्ट यांजकडे आली. तेथे राणीचे आजोबा तिसरे जॉर्ज यांच्या वेळेपासूनच्या दोन शेतवाड्या होत्या. चिकण, जड जमिनीच्या वाडीस फ्लेमिश, व हलक्या जमिनीच्या वाडीस नॉर्फोक असे नाव होते. नॉर्फोक परगण्याची चार सालांची फेरपालट इंग्लंडात प्रसिद्ध आहे. एका साली गहू, दुसऱ्या साली सलगम, तिसऱ्या साली सातू व चौथ्या साली क्लोव्हर नावाचे द्विदल गवत, असा तो क्रम होय. सलगम व गवत खाऊन मेंढरे पोसतात, त्यांच्या लेंड्यांचे खत रानास मिळते, आणि द्विदलाच्या बेवडावर पुढील गहू जोमाने येतो. आपल्याकडे तूर, हरभरा यांच्या बेवडाचे महत्त्व जाणणाऱ्या शेतकऱ्यास हे तत्त्व नवे नाही. तेथे ते पद्धतशीर अमलात आणिले गेले इतकेच.

आल्बर्ट यांनी दर वाडीस निराळ्या जातीची गुरे नेमून दिली. जड जमिनीच्या वाडीवर हेरफर्ड, हलकीवर डेव्हन, आणि शॉ नावाच्या तिसऱ्या वाडीवर आखूडशिंगी. जातींची खिचडी न करिता प्रत्येकीची पैदास शुद्ध ठेवावी, हा त्यांतील हेतू. लंडनच्या स्मिथफील्ड नावाच्या गुरांच्या प्रदर्शनात त्यांच्या जनावरांनी अनेक वेळा बक्षिसे मिळविली. दलदलीच्या रानात जमिनीखालून मातीचे नळ घालून त्यांनी पाण्याचा निचरा केला. १८५८ साली विंडसर येथे त्यांनी बांधविलेली दुग्धशाळा पाहण्यासारखी आहे. भिंतीस चिनी मातीच्या फरशा, दुधाची भांडी ठेवण्यास संगमरवरी मेजे, आणि हवा थंड राहावी म्हणून आत कारंजी. दूध नासू द्यावयाचे नसेल तर थंडावा व स्वच्छता ही दोनच औषधे, हे त्यांनी ओळखिले होते.

१८४५ साली वाइट बेटावर ऑस्बोर्न येथील जमीन घेण्यात आली. घराच्या मैलापाण्याचा उपयोग खतासारखा व्हावा म्हणून ते पाणी खालून वर गाळून घेण्याची एक युक्ती त्यांनी काढिली होती. शहरांच्या मोठ्या प्रमाणावर ती चालली नाही. तथापि शेतास सोन्यासारखी असलेली वस्तू नदीत सोडून नदीही नासवावी हे त्यांस पटत नव्हते. आपल्याकडील शेतकरी ज्यास सोनखत म्हणतो, त्याचे मोल एका राजपुत्रास कळले होते, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे. तेथेच प्रत्येक राजपुत्र व राजकन्येस एकेक वाफा दिलेला होता. मुलांची अवजारे व हातगाडे त्यांच्या मापाचे, त्यांवर त्यांच्या नावांची आद्याक्षरे घातलेली. मुलांनी भाजी पिकवावी, आणि बापाने ती बाजारभावाने विकत घ्यावी! उंटावरून शेळ्या हाकणारांची मुले घडविण्यापेक्षा हा रिवाज पुष्कळच बरा.

इतके असूनही एका बाबतीत त्यांस जमीनदारांचा रोष पत्करावा लागला. परदेशी धान्यावर इंग्लंडात जबर जकात होती. त्यामुळे जमीनदारांस भाव चांगला मिळे व शहरातील गरिबांस भाकरी महाग पडे. १८४६ साली मुख्य प्रधान पील यांनी ती जकात उठविण्याचा बेत मांडिला. ता. २७ जानेवारी रोजी पील यांचे भाषण ऐकण्यास आल्बर्ट सभागृहाच्या सज्जात जाऊन बसले. राजघराणे एका पक्षास पाठिंबा देत आहे, असा गिल्ला विरोधकांनी केला. त्यानंतर ते तेथे पुन्हा गेले नाहीत. कायदा मात्र त्याच साली रद्द झाला. शेतकरी लगेच बुडेल ही भीती खरी ठरली नाही. सुधारलेल्या शेतीने पंचवीस-तीस वर्षे बरा टिकाव धरिला. भाव खरे कोसळले ते १८७० नंतर, अमेरिकेचा गहू आगबोटींनी येऊ लागला तेव्हा.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. विंडसरची गुरे बक्षिसे मिळवीत होती त्याच काळात, १८४५ ते १८४९ या सालांत, त्याच राज्यातील आयर्लंडात बटाट्यावर रोग पडून सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व साथीने मेली, आणि जवळपास तितकीच देशोधडीस लागली. एकाच पिकावर जगणाऱ्या, खंड भरून हाती काही न उरणाऱ्या कुळास धन्याची नमुनेदार वाडी काय कामाची? ज्याच्या पाठीशी राजाचा खजिना आहे त्याची शेती पाहून शिकावे जरूर, पण आपल्या ऐपतीच्या मापाने.

१८५१ सालचे लंडनचे महाप्रदर्शन हे आल्बर्ट यांचे सर्वांत मोठे काम. लोखंड व काच यांचा सुमारे १,८५० फूट लांबीचा मंडप जोसेफ पॅक्स्टन यांनी योजिला, आणि हे गृहस्थ मूळचे माळी होते! ता. १ मे रोजी प्रदर्शन उघडले. सुमारे साठ लाख लोकांनी ते पाहिले. पुढे एक शिलिंगाचे तिकीट निघाल्यावर खेड्यापाड्यांतून माणसे लोटली. पंजाब खालसा करून नेलेला कोहिनूर हिराही तेथे मांडिला होता. परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीने खरा हिरा निराळाच होता. अमेरिकेच्या मॅकॉर्मिक यांचे घोड्यांनी ओढावयाचे कापणीयंत्र प्रथम थट्टेचा विषय झाले. पण टिपट्री येथील शेतात प्रत्यक्ष उभा गहू कापून दाखविताच टवाळखोर गप्प बसले. प्रदर्शनास १,८६,००० पौंड शिल्लक राहिली, आणि त्या पैशातून घेतलेल्या जमिनीवर पुढे संग्रहालये व विद्यालये उभी राहिली.

इतक्यावरही लोकांचा संशय मिटला नाही. १८५४ च्या आरंभी, रशियाशी युद्ध जवळ आले असता, आल्बर्ट राजद्रोही असून त्यांस कैद करून टॉवरच्या किल्ल्यात नेणार, अशी कंडी उठली, आणि बघ्यांची तेथे गर्दीही जमली. 'प्रिन्स कन्सॉर्ट', म्हणजे राणीचे यजमान, हा किताबसुद्धा त्यांस लग्नानंतर सतरा वर्षांनी, १८५७ साली, मिळाला. पहाटे उठून मेजावर बसावे, कागद वाचावेत, टिपणे लिहावीत, हा क्रम सुटला नाही. शरीर मात्र झिजत गेले. १८६१ च्या नोव्हेंबरात अमेरिकन आरमाराने एक इंग्रजी टपालबोट अडवून दोन वकील पकडिले, आणि लढाईचा रंग दिसू लागला. आजारी आल्बर्ट यांनी उठून खलित्यातील कडक शब्द मवाळ केले व अमेरिकेस मानाने माघार घेण्यास वाट ठेविली. वकील सुटले, युद्ध टळले. पण ते पाहण्यास आल्बर्ट राहिले नव्हते. ता. १४ डिसेंबर १८६१ रोजी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, विंडसर येथे त्यांचा अंत झाला. वैद्यांनी विषमज्वर म्हटले. अलीकडील काही वैद्यांस पोटाच्या जुन्या विकाराचा संशय आहे. नऊ मुलांची आई असलेल्या राणीने पुढे सुमारे चाळीस वर्षे, आपल्या मृत्यूपर्यंत, काळी वस्त्रे उतरविली नाहीत.

मुंबईस भायखळ्याच्या राणीच्या बागेत जे वस्तुसंग्रहालय आहे, त्यास प्रारंभी याच दांपत्याचे नाव होते. १८७२ साली ती इमारत लोकांस खुली झाली. १९७५ पासून तिला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. आत आल्बर्ट यांचा संगमरवरी पुतळा अद्याप उभा आहे.

परके राज्य गेले, हे ठीकच झाले. परंतु गुण कोणाचाही असो, तो घेण्यास हरकत नाही. थोरल्या मुलाच्या नावची कॉर्नवॉलची जहागीर आल्बर्ट यांनी इतकी नीट सांभाळिली की, तिच्या शिलकेतून १८६२ साली सँड्रिंगहॅमची इस्टेट विकत घेता आली. त्यात जादू काही नव्हती. कोणत्या रानास काय लागले, त्यातून काय निघाले, आणि मधल्या मध्ये कोठे गळाले, हे ते स्वतः पाहत असत. आपणांपैकी अनेकांस गेल्या हंगामात बियाणे, मजुरी व खत यांस दर एकरी काय पडले हे विचारिले तर अंदाजानेच उत्तर मिळते. राजवाड्याची गळती ज्या वहीने थांबविली, ती वही चार आण्यांची असो की चाळीस रुपयांची, दहा एकरांच्या धन्यासही तितकीच उपयोगी आहे. येत्या पेरणीपूर्वी ती घालावी, अशी वाचकांस विनंती आहे.