कोयना धरणाच्या भेगा आणि भारस्थायी धरणांच्या संकल्पनातील बदललेली दृष्टी

प्रस्तावना

भारस्थायी धरण नावाप्रमाणेच स्वतःच्या भारावर उभे असते. जलाशयातील पाणी त्यास अधोदिशेने ढकलते, पायाखाली झिरपणारे पाणी त्यास वर उचलू पाहते आणि काँक्रीटचे वजन या दोन्ही बलांना पुरून उरते. या गणितात भूकंपास कोणते स्थान द्यावे, या प्रश्नाचे उत्तर १९६० च्या दशकापर्यंत फारच सोपे मानले जात होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयना परिसरात ६.३ महत्तेचा भूकंप झाला. त्यात सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली, कोयनानगर उद्ध्वस्त झाले आणि १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणास भेगा गेल्या. धरण फुटले नाही. परंतु ते का तडकले आणि तडकूनही का टिकले, या दोन प्रश्नांनी जगभरच्या धरणतज्ज्ञांना पुढील अनेक दशके गुंतवून ठेवले.

गृहीतक आणि वस्तुस्थिती

दख्खनच्या पठाराचा हा भाग भूकंपदृष्ट्या स्थिर आहे, अशी त्या काळी सर्वमान्य धारणा होती. तरीही कोयना धरणाच्या संकल्पनात ०.०५ हा भूकंप गुणांक धरण्यात आला होता. त्याचा अर्थ असा की, धरणाच्या वजनाच्या ५ टक्के इतके आडवे बल तळापासून माथ्यापर्यंत सारख्याच प्रमाणात लावून स्थैर्य तपासायचे. त्या काळाच्या मानाने ही खबरदारी कमी नव्हती. प्रत्यक्षात मात्र धरणातील प्रवेगमापकाने नदीप्रवाहाच्या दिशेने गुरुत्वप्रवेगाच्या ०.४९ पट, तर धरणाच्या अक्षाच्या दिशेने ०.६३ पट प्रवेग नोंदविला. धरणातच यंत्र बसविलेले असल्यामुळे ही नोंद मिळाली; अन्यथा पुढील चर्चा निव्वळ तर्कावर चालली असती.

तथापि दोष केवळ आकड्याचा नव्हता. गुणांक पद्धतीत धरण हा एक ताठर ठोकळा मानला जातो. वास्तविक धरण जमिनीबरोबर नुसते सरकत नाही, तर स्वतःच्या स्वाभाविक वारंवारतेने डोलते. कोयनेच्या उंच खंडांची ही वारंवारता सेकंदाला सुमारे ३ आवर्तने इतकी आहे. डोलताना पायथ्यापेक्षा माथ्याचा प्रवेग कित्येक पटींनी वाढतो आणि जेथे सर्वांत कमी बल अपेक्षिले होते तेथेच ते सर्वाधिक येते. जलाशयाच्या पाण्याची गोष्टही अशीच आहे. भूकंपात धरणावर येणाऱ्या जादा जलदाबाचे सूत्र वेस्टरगार्ड यांनी १९३३ मध्ये मांडले, पण त्यातही धरण ताठरच गृहीत धरलेले होते. धरणाचे डोलणे पाण्याचा दाब बदलते आणि तो दाब पुन्हा डोलण्यावर परिणाम करतो, हा परस्परसंबंध बर्कले येथील अनिल चोप्रा यांच्या संशोधनातून स्पष्ट होत गेला.

भेगा नेमक्या कोठे?

कोयनेच्या सांडव्याबाहेरील खंडांचा छेद तळाशी सुमारे ७० मीटर रुंद आहे. अधोअंगाकडील उतार चढत चढत पायापासून सुमारे ६६ मीटर उंचीवर एकाएकी बदलतो; तेथून वरचा भाग जवळजवळ उभा असून माथ्याची जाडी सुमारे १५ मीटर आहे. थोडक्यात, बारीक मानेवर जड डोके. स्थिर भाराच्या हिशेबात ही रचना निर्धोक ठरते. डोलण्याच्या हिशेबात मात्र जड माथ्याचे सारे जडत्व त्या मानेशी एकवटते, आणि उताराचा कोपरा तेथील ताण आणखी वाढवितो. काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण त्याची ताणशक्ती दाबशक्तीच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतकी असते. आडव्या भेगा मुख्यतः याच उंचीच्या आसपास आणि दोन्ही अंगांवर उमटल्या. चोप्रा आणि चक्रवर्ती यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात ताणाची कमाल मूल्ये तेथेच आढळली. गणित आणि दगड यांची इतकी चोख गाठ क्वचितच पडते. त्यामुळेच संगणकीय प्रारूपे पारखण्यासाठी कोयनेचा छेद आजही जगभर कसोटी म्हणून वापरला जातो. सांडव्याचा छेद निराळा असल्याने त्याच्या खंडांची अशी हानी झाली नाही.

धरण टिकले याचे कारण असे की, भूकंपाचे बल क्षणाक्षणाला दिशा पालटते. भेग उघडते आणि वरचा भाग उलटण्यापूर्वीच पुन्हा मिटते. मात्र भेगेत शिरलेले पाणी उचल दाब वाढविते; म्हणून त्या वेळी तग धरलेले धरण पुढच्या धक्क्यातही तसेच तग धरील, असे मानणे धोक्याचे होते. त्यामुळे भेगा भरून उंच खंड ताणतारांनी जखडण्यात आले आणि नंतर त्यांच्या अधोअंगास काँक्रीटचे भक्कम टेकू देण्यात आले. सांडव्याच्या भागाचे मजबुतीकरण २००६ मध्ये पूर्ण झाले.

जलाशयाची भूमिका

भूकंप जलाशयाने 'घडविला' असे म्हणणे शास्त्रीयदृष्ट्या सैल आहे. ऊर्जा भूकवचातील साठलेल्या ताणाचीच असते. जलाशयाचे पाणी खडकातील भेगांत उतरून तेथील रंध्रदाब वाढविते, प्रस्तरभंगाच्या दोन पृष्ठांमधील घर्षण घटते आणि एरवी उशिरा होणारी हालचाल आधी घडते. १९६२ मध्ये जलाशय भरू लागल्यानंतर हादरे जाणवू लागले. हर्ष गुप्ता यांच्या अभ्यासात जलपातळी वाढण्याचा वेग, कमाल पातळी आणि ती टिकण्याचा कालावधी यांचा या हादऱ्यांशी संबंध दिसून आला. १९८५ पासून वारणा जलाशय भरू लागल्यावर हे भूकंपक्षेत्र दक्षिणेकडे विस्तारले. गोठणे येथे २०१७ मध्ये ३ किलोमीटर खोलीचे वेधनछिद्र पूर्ण झाले असून, बसाल्टच्या थराखालील ग्रॅनाइटचा थेट अभ्यास त्यामुळे शक्य झाला.

भारतीय मानकाच्या १९७० च्या आवृत्तीत 'शून्य' भूकंप विभाग वगळण्यात आला. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ नुसार ३० मीटर वा अधिक उंचीच्या, तसेच तिसऱ्या व त्यावरील भूकंप विभागांतील विनिर्दिष्ट धरणांच्या ठिकाणी भूकंपमापन केंद्र उभारण्याची जबाबदारी धरणाच्या मालकावर टाकण्यात आली आहे. महाराष्ट्रातील अनेक जुनी दगडी धरणे मात्र गुणांक पद्धतीच्याही आधीची आहेत. त्यांपैकी पुष्कळांच्या संकल्पनात भूकंपाचा आकडाच नाही.