कोण बोलतंय?

सुरुवातीच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये हा प्रश्न फारसा पडत नसे. बोर्डावर बसलेल्या ऑपरेटर बाईंना कुणाची लाइन आली ते समोरच दिसायचं. कॅन्सस सिटीत अंत्यसंस्कारांचा व्यवसाय करणाऱ्या आल्मन स्ट्रोजरला मात्र याच बाईंचा संशय आला. त्याची गिऱ्हाइकं या बाई प्रतिस्पर्ध्याकडे वळवतात, असा त्याचा समज होता, अशी कथा सांगतात. १८९१ मध्ये त्याने स्वयंचलित स्विचचं पेटंट मिळवलं. पुढे ऑपरेटरची गरज संपत गेली आणि फोन कुणाचा आला हे जाणणारं माणूसही मधून गेलं.

आपल्याकडे स्ट्रोजर पद्धतीची एक्सचेंजं अनेक दशकं खडखडत होती. डायल फिरवली की एकेका आकड्यासरशी स्विच वर चढायचा, आडवा वळायचा आणि कॉल पुढच्या स्विचच्या हवाली करायचा. या यंत्राला फोन कुणाला लावायचा एवढंच कळे. बिलासाठीही करणाऱ्याचा नंबर लागत नसे, कारण प्रत्येक लाइनला एक्सचेंजमध्ये स्वतःचं मीटर होतं आणि कॉलसरशी तेच पुढे सरकायचं. जुन्या बिलात कॉलची नुसती बेरीज यायची, त्याचं कारण हेच.

मग धमकीचा फोन आला तर? लाइन तुटू न देता धरून ठेवायची आणि शेवटच्या स्विचपासून उलटं चालायला लागायचं. या स्विचला येणारी तार आधीच्या रांगेतल्या कोणत्या स्विचच्या हाताखाली आहे, त्याला कॉल कुठून आला, असं रॅकमागून रॅक शोधत जायचं. माग दुसऱ्या एक्सचेंजमध्ये गेला की तिथल्या माणसाला उठवायचं. हिंदी सिनेमातला इन्स्पेक्टर ‘बोलत राहा’ अशी खूण करतो, ती काही निव्वळ फिल्मी नव्हती. ब्लँक कॉलसाठी एवढी यातायात कोण करणार? लोक चार शिव्या घालून रिसीव्हर आपटत.

डिजिटल एक्सचेंज आलं आणि चित्र पालटलं. लाइनचा नंबर आता संगणकाच्या स्मृतीत होता. एक्सचेंजांचं आपसातलं बोलणंही आवाजापासून वेगळं होऊन स्वतंत्र वाटेने जाऊ लागलं. सिग्नलिंग सिस्टिम ७ या पद्धतीत कॉल जोडण्याच्या पहिल्याच संदेशात दोन्ही नंबर जाऊ शकतात: कुणाला करायचाय आणि कोण करतोय.

तो नंबर घरातल्या फोनवर दाखवायची अमेरिकी युक्ती मला अजूनही आवडते. पहिली आणि दुसरी रिंग यांच्यामधल्या शांततेत एक्सचेंज सेकंदाला १२०० बिटच्या वेगाने नंबर पाठवून देतं. पहिल्याच रिंगला झडप घालणाऱ्या उतावळ्याला म्हणून नंबर दिसत नसे. १९८० च्या दशकाअखेर न्यू जर्सीत ही सेवा आली आणि वाद पेटला. फोन करणाऱ्याला स्वतःचा नंबर झाकायचा हक्क नाही का? त्या वादातून नंबर लपवण्याची सोय रुळली.

भारतात या सोयीचं खरं चीज मोबाइलने केलं. येणाऱ्या कॉललाही पैसे पडण्याचा काळ २००३ मध्ये संपला, पण ‘पोचलास की मिस्ड कॉल दे’ हे वाक्य उरलंच. नंबर दिसतो म्हणूनच कॉल न उचलता निरोप पोचतो. फुकटात काम साधण्याची ही अस्सल देशी अक्कल!

कच्चा दुवा वेगळाच होता. पडद्यावरचा नंबर म्हणजे कॉल जिथून निघाला त्या एक्सचेंजने दिलेला शब्द, आणि पुढची सगळी एक्सचेंजं तो खरा मानून चालतात. मोजक्या कंपन्या होत्या तोवर हा विश्वास टिकला. इंटरनेटवरून फोन सुरू झाले तेव्हा त्या जागी हवा तो नंबर लिहिणं भामट्यांच्या हातात आलं. परदेशातून निघालेले कॉल भारतीय नंबर मिरवत येऊ लागले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने त्यांना रोखणारी यंत्रणा सुरू केली आणि पहिल्या २४ तासांतच सुमारे १.३५ कोटी कॉल अडवल्याचं जाहीर केलं.

नंबरवर भागेना, तेव्हा नावाची मागणी आली. २००९ मध्ये स्टॉकहोममध्ये जन्मलेलं, फोन करणाऱ्याचं नाव दाखवणारं ट्रूकॉलर अ‍ॅप भारतात घरोघर पोचलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने सिम घेताना अर्जात लिहिलेलं नाव फोनवर दाखवण्याची शिफारस केली. अर्जातलं नाव ट्रूकॉलरवरच्या ऐकीव नावापेक्षा बरं, हे खरं. पण सिम वडिलांच्या नावावर असलं तर मुलाच्या फोनला वडील दिसणार. आणि मुळात नंबरच खोटा लिहिला असेल, तर त्यावरून शोधलेलं नाव कसं खरं मानायचं? अमेरिकेने २०१९ मध्ये कायदा करून नंबरला डिजिटल सही जोडणं कंपन्यांवर बंधनकारक केलं. मला तो रस्ता जास्त पटतो. आधी नंबर खरा ठरू दे, नाव मागाहून.

तोवर एवढं करा. बँकेचा म्हणून फोन आला आणि पडद्यावर बँकेचाच नंबर दिसला, तरी तो ठेवा आणि कार्डामागे छापलेला नंबर स्वतः लावा. येणाऱ्या कॉलवरचा नंबर समोरचा सांगतो. तुम्ही लावलेला कॉल कुठे न्यायचा ते नेटवर्क ठरवतं.