मिरजेचं मरिज आणि फोनचं अपडेट

२०११च्या सुमारास बारा-पंधरा हजार रुपये मोजून घेतलेल्या अँड्रॉइड फोनवर मराठी वर्तमानपत्राचं पान उघडलं, की बहुतेकांना दिसायचे ते चौकोन. ओळीच्या ओळी रिकाम्या चौकोनांच्या. त्याच घरात आजोबांकडचा नोकियाचा साधा, स्वस्त फोन देवनागरीतला एसएमएस बिनबोभाट दाखवत असे. महागड्या फोनला मराठी येत नव्हती आणि ती येण्याचा मार्ग एकच होता: सॉफ्टवेअरचं अपडेट. ते कंपनीकडून येईना, तेव्हा महाराष्ट्रातल्या बऱ्याच पोरांनी ते स्वतःच फोनमध्ये घालायला घेतलं.

पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर अशा शहरांत तेव्हा मोबाइलवेड्यांची टोळकी जमू लागली होती. अभियांत्रिकीचे विद्यार्थी, नुकते आयटीत लागलेले तरुण, एखादा बँकेतला कर्मचारी, एखादा मोबाइल दुरुस्तीवाला. नाव नाही, नोंदणी नाही, वर्गणी नाही. पुण्यातला असाच एक गट रविवारी सकाळी बुधवार पेठेत तपकीर गल्लीतून केबल, बॅटऱ्या, कार्ड रीडर घेऊन जवळच्याच एखाद्या हॉटेलात चहाला बसे. टेबलावर चार-पाच फोन उघडे पडलेले असत, बॅटऱ्या वेगळ्या काढलेल्या. रूट केला का, रॉम (म्हणजे फोनचं आख्खं सॉफ्टवेअर) कुठला टाकला, कुणाचा फोन बूटलूपमध्ये (पुन्हापुन्हा सुरू होण्याच्या चक्रात) अडकला, कुणाचा कायमचा ब्रिक (म्हणजे निकामी) झाला, हेच विषय. नवखा कुणी फोन पुढे करून ‘यावर फ्लॅश मार ना’ म्हणाला, की आधी दोन प्रश्न ठरलेले. ‘बॅकअप घेतलास का? चार्जिंग किती आहे?’ दोन्हींची उत्तरं नीट आल्याशिवाय फोनला कुणी हात लावत नसे.

त्या काळात मराठी वाचायची पहिली युक्ती ऑपेरा मिनी या ब्राउझरची होती. पत्त्याच्या जागी ‘ऑपेरा:कॉन्फिग’ असं टाइप करायचं, उघडलेल्या यादीत अगदी तळाशी जायचं, ‘गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी बिटमॅप फॉन्ट वापरा’ या अर्थाची इंग्रजी ओळ शोधायची आणि तिच्यापुढच्या ‘नो’चं ‘येस’ करायचं. मग पानावरचा देवनागरी मजकूर कंपनीच्या सर्व्हरवरच चित्र बनून फोनवर उतरे. फोनला मराठी येण्याची गरजच उरत नसे. डेटा जास्त जाई आणि अक्षरं जरा ओबडधोबड दिसत, पण वाचता येत असे. कितीतरी घरांत पहिली मराठी बातमी मोबाइलवर वाचली गेली ती या वाटेने. ही युक्ती कागदाच्या चिठोऱ्यांवर लिहून एकमेकांना दिली जाई.

पण ती ब्राउझरपुरती होती. एसएमएस, ईमेल, फोनबुकातली नावं यांत चौकोन ते चौकोनच. त्यासाठी फोन रूट करावा लागे, म्हणजे फोनच्या मूळ फायलींना हात लावायचा अधिकार मिळवावा लागे. मग ‘सिस्टम’मधल्या ‘फॉन्ट्स’ या फोल्डरात जाऊन ‘ड्रॉइड सॅन्स फॉलबॅक’ नावाची फाइल बाजूला ठेवायची आणि तिच्या जागी त्याच नावाने देवनागरी असलेला फॉन्ट बसवायचा. फाइलची परवानगी नीट द्यायची: मालकाला वाचता-लिहिता यावं, बाकीच्यांना फक्त वाचता यावं. इथे चूक झाली, की फोन सुरू होताना कंपनीच्या बोधचिन्हावरच थबके आणि पुन्हापुन्हा तिथेच येई.

सगळं जमून फोन सुरू झाला तरी खरी गंमत पुढेच होती. चौकोन जाऊन अक्षरं आली, पण शब्द मोडलेले. ‘मिरज’ लिहिलं की दिसे ‘मरिज’. ‘किरण’चं ‘करिण’ होई. ‘कर्जत’मधला रफार वर चढायचाच नाही, ‘कर्‌जत’ असा पाय मोडून बसे. याचं कारण देवनागरी संगणकात ज्या पद्धतीने साठवली जाते त्यात आहे. युनिकोडमध्ये अक्षरं उच्चाराच्या क्रमाने ठेवतात. म्हणजे ‘मि’ साठवताना आधी ‘म’ आणि मग पहिली वेलांटी. कागदावर मात्र ती वेलांटी ‘म’च्या आधी काढायची असते. ती उचलून मागे नेणं, ‘र’चा रफार करून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवणं, ‘ज’ आणि ‘ञ’ मिळून ‘ज्ञ’ बनवणं हे काम एकट्या फॉन्टचं नाही. जोडाक्षरं कशी जुळवायची याचे नियम फॉन्टमध्ये असतात, पण ते वाचून अक्षरं जुळवणारा वेगळा प्रोग्राम लागतो. अँड्रॉइडमध्ये हे काम हार्फबझ नावाचं मुक्त सॉफ्टवेअर करतं. जुन्या आवृत्त्यांत देवनागरीसाठी ती सोय नव्हती. म्हणून फॉन्ट घालूनही वेलांटी पुढच्या अक्षराला जाऊन चिकटे आणि मिरजेचं मरिज होई.

तरीही मंडळी ते मोडकं मराठी आनंदाने वाचत. काही महिन्यांत डोळ्यांना त्याची सवय होऊन ‘मरिज’ सरळ ‘मिरज’ असं वाचलं जाई, असं त्या वेळचे लोक आजही सांगतात.

ऑक्टोबर २०११मध्ये जाहीर झालेल्या अँड्रॉइड ४.०मध्ये देवनागरी अधिकृतपणे रुजू झाली, पुढच्या आवृत्त्यांत जोडाक्षरं सुधारत गेली आणि २०१४च्या ५.०मध्ये फोनची सगळी भाषाच मराठी करण्याची सोय आली. पण आवृत्ती जाहीर होणं आणि ती आपल्या हातातल्या फोनवर येणं यांत मोठी दरी होती. सॅमसंगचा गॅलेक्सी एस हा त्या काळचा गाजलेला फोन. त्याला ४.० मिळणार नाही, असं कंपनीने डिसेंबर २०११मध्ये सांगून टाकलं. कंपनीच्या स्वतःच्या सजावटीसह नवी आवृत्ती त्याच्या मेमरीत मावत नाही, हे कारण होतं. सायनोजेनमॉड ९ या हौशी लोकांनी बनवलेल्या रॉमने मात्र तोच फोन ४.०वर चालवून दाखवला. मावत नव्हती ती सजावट. अँड्रॉइड मावत होतं. गटातल्या लोकांचा कंपन्यांवरचा विश्वास उडाला तो अशा उदाहरणांनी, आणि तो उडणं रास्तच होतं.

रुपयाच्या चिन्हाचीही हीच कथा. डी. उदय कुमार यांनी केलेलं ₹ हे चिन्ह केंद्र सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारलं, त्याच वर्षी ऑक्टोबरात ते युनिकोडच्या ६.० आवृत्तीत आलं. पण फोनच्या फॉन्टमध्ये ते यायला पुन्हा अपडेटच हवं. तोवर किमतीआधी चौकोन. आणि मराठी वळणाचे ‘ल’ व ‘श’? महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने प्रमाण वर्णमाला ठरवून दिली, त्यात या दोन अक्षरांचं मराठी वळण नक्की केलं. अनेक फोनवर आजही ती दोन अक्षरं हिंदी वळणानेच उमटतात. यासाठी कुणी तरी पुन्हा चिकाटीने मागे लागायला हवं आहे.

अपडेट रखडतं का, हे थोडक्यात सांगायचं तर असं: गूगल अँड्रॉइड बनवतं, मग प्रोसेसर बनवणारी कंपनी आपल्या चिपसाठी त्यात भर घालते, मग फोनची कंपनी आपली सजावट चढवते, चाचण्या होतात आणि शेवटी ते ग्राहकाकडे येतं. साखळीतला एक जण थांबला की सगळं थांबतं. २०१७च्या ‘प्रोजेक्ट ट्रेबल’ने चिपचा भाग वेगळा करून हे काम पुष्कळ सोपं केलं. दरमहा येणारी सुरक्षेची दुरुस्ती सुरू झाली ती २०१५मध्ये ‘स्टेजफ्राइट’ ही त्रुटी उघड झाल्यावर. नुसत्या एका एमएमएसमधून फोनचा ताबा घेता येईल अशी ती होती.

या गटांत ज्या फोनचं नाव आजही आदराने घेतलं जातं, तो एचटीसीचा एचडी २. नोव्हेंबर २००९मध्ये तो विंडोज मोबाइल ६.५ घेऊन आला. ४.३ इंची पडदा, १ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर. तेव्हा हे भलतंच मोठं होतं. या फोनला नवं विंडोज फोन ७ मिळणार नाही, असं मायक्रोसॉफ्टने २०१०मध्येच स्पष्ट केलं. खरेदी करून सहा महिनेही न झालेले ग्राहक तिथेच अडकले. पण हौशी मंडळींनी आधी मेमरी कार्डावरून त्यावर अँड्रॉइड चालवलं, मग ते थेट फोनच्या आतल्या मेमरीत बसवलं. २०११च्या सुरुवातीला नाकारलेलं विंडोज फोन ७सुद्धा त्यावर सुरू केलं. पुढे उबुंटू आलं, फायरफॉक्स ओएस आलं आणि अँड्रॉइडच्या एकामागून एक आवृत्त्या चढत चढत थेट ७पर्यंत गेल्या. कंपनीने ज्याला एकही मोठं अपडेट दिलं नाही, तो फोन सात वर्षं नवं नवं शिकत राहिला. फोन जुना होतो म्हणजे नेमकं काय होतं, याचा विचार करताना एचडी २चं उदाहरण समोर ठेवायलाच हवं.

सायनोजेनमॉडचा जन्मही २००९चाच. स्टीव्ह कोंडिक यांनी एचटीसी ड्रीमसाठी सुरू केलेला हा प्रकल्प. त्याच वर्षी गूगलने आपली ॲप त्यात परवानगीविना वाटू नका, अशी नोटीस पाठवली, तेव्हा ती ॲप वेगळी काढून काम पुढे चालू राहिलं. २०१३मध्ये त्यातून सायनोजेन ही कंपनी उभी राहिली आणि २०१४च्या डिसेंबरात तिचं भांडण थेट दिल्ली उच्च न्यायालयात पोहोचलं. वनप्लस वन हा फोन सायनोजेनच्या सॉफ्टवेअरसह भारतात येत होता, तर सायनोजेनने भारतापुरता एकाधिकार मायक्रोमॅक्सला देऊन टाकला होता. न्यायालयाने वनप्लसच्या विक्रीवर आधी बंदी घातली, काही दिवसांतच खंडपीठाने ती उठवली. त्याच धामधुमीत मायक्रोमॅक्सच्या यू या नाममुद्रेखाली ८,९९९ रुपयांचा युरेका बाजारात आला. रविवारच्या चहाला त्या महिन्यात दुसरा विषय नव्हता. २०१६च्या अखेरीस सायनोजेनने आपल्या सेवा बंद केल्या. कंपनी आटोपली, पण स्वयंसेवकांनी तोच कोड उचलून लिनिएज ओएस या नावाने काम सुरू ठेवलं, ते आजही सुरू आहे.

शाओमीची सुरुवातही अशाच हौशी लोकांना हाताशी धरून झाली, हे कमी लोकांना माहीत असतं. कंपनीने पहिला फोन २०११मध्ये आणला. त्याच्या वर्षभर आधी, ऑगस्ट २०१०मध्ये, तिने दुसऱ्यांच्या फोनवर टाकण्यासाठी एमआययूआय हा रॉम काढला होता. तो पहिल्यांदा वापरून चुका कळवणाऱ्या शंभर हौशी लोकांची नावं फोन सुरू होतानाच्या पडद्यावर झळकली. दर शुक्रवारी नवी आवृत्ती, आठवडाभर तक्रारी, पुन्हा शुक्रवारी दुरुस्ती, असा तो क्रम होता.

आजचे गट लहान झालेत, पण आहेत. त्यांच्या एका बैठकीत प्रस्तुत लेखकाला शाओमीच्या एका रेडमी नोट ४चा कायापालट बघायला मिळाला. जानेवारी २०१७मध्ये भारतात आलेला हा फोन. कंपनीकडून त्याला अँड्रॉइड ७पर्यंतच जाता आलं. एका मुलीने आईचा फोन आणला होता. दुसरं सॉफ्टवेअर टाकू न देणारं फोनचं लॉक उघडायची परवानगी आठवडाभर आधीच मागून ठेवलेली, कारण कंपनी अर्ज केल्यावर थांबायला लावते. आवाज कमी करण्याचं बटण आणि पॉवरचं बटण एकदम दाबल्यावर पडद्यावर कानटोपी घातलेला ससा आला, हातातल्या पान्याने अँड्रॉइडचा यंत्रमानव दुरुस्त करणारा. लॅपटॉपवर दोन-तीन आज्ञा, मग रिकव्हरी, मग जुनं सगळं पुसणं, मग नवा रॉम. पहिल्यांदा सुरू व्हायला फोनने बराच वेळ घेतला. टेबलाभोवती कुणी बोलत नव्हतं. भाषेची यादी आली तेव्हा मुलीने ‘मराठी’ निवडलं. फोन अँड्रॉइड १३वर गेला होता.

एक अडचण तिला आधीच सांगितली होती: अशा फोनवर बँकेची आणि यूपीआयची ॲप चालतीलच असं नाही. फोनचं लॉक उघडलेलं आहे हे गूगलच्या तपासणीत कळतं आणि अनेक ॲप उघडायला नकार देतात. पूर्वी हौशी माणसाला यावर तोडगा काढता येई, आता तो दिवसेंदिवस अवघड होतोय. ज्या देशात भाजीवालासुद्धा क्यूआर कोड लावतो, तिथे हा अडसर लहान नाही. त्या आईचा फोन आता भजनं, बातम्या आणि व्हिडिओ कॉलसाठी वापरला जाणार होता.

मोठ्या कंपन्या आता शहाण्या झाल्यात. गूगलने ऑक्टोबर २०२३मध्ये पिक्सेल ८साठी सात वर्षांच्या अपडेटचा शब्द दिला, जानेवारी २०२४मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस २४साठी तोच दिला. युरोपीय संघात २० जून २०२५पासून लागू झालेल्या नियमांनुसार, एखादं मॉडेल बाजारात आणणं थांबल्यानंतरही किमान पाच वर्षं त्याची अपडेट मोफत उपलब्ध ठेवावी लागतात. असा नियम भारतातही व्हायला हवा, आणि तो दहा हजारांच्या फोनलाही लागू हवा, कारण सात वर्षांचं वचन सध्या प्रामुख्याने महागड्या फोनच्या वाट्याला आलं आहे.

या दिवाळीत नवा फोन घेणार असाल, तर कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलआधी दुकानदाराला विचारा, याला सुरक्षेची अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळणार? त्याला सांगता आलं नाही, तर कंपनीने ते लेखी जाहीर केलं आहे का, ते पाहून मगच पैसे द्या. आणि जुना फोन भंगारात देण्याआधी गावातल्या अशा एखाद्या हौशी पोराला एकदा जरूर दाखवा.