चकती आणि सहा बोल्ट

ठाण्याहून खाडीवरचा पूल ओलांडून भिवंडीकडे जाऊ लागले, की कशेळीच्या पुढे काल्हेर गाव लागते. या बाजूला गोदामे पुष्कळ. त्यांत माल आणणाऱ्या आणि तेथून माल नेणाऱ्या अवजड मोटारींची रस्त्यावर सतत वर्दळ असते. पावसाळ्यात खड्ड्यांतून पाणी साचते, चिखल उडतो. अशा रस्त्याने शाळेत जाणाऱ्या मुलाची सायकल कितीही वेगाने धावली, तरी पुढची मोटार एकाएकी थांबली असता ती तितक्याच तत्परतेने थांबली पाहिजे. सायकलचे पळणे पायांवर अवलंबून असते. तिचे थांबणे मात्र ब्रेकवर.

साध्या सायकलीचा ब्रेक चाकाच्या रिमवर दाबला जातो. रिम जमिनीपासून जवळ असते. तिला पाणी लागले, की रबर आणि धातू यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर राहतो आणि घर्षण कमी होते. ब्रेक दाबूनही सायकल काही अंतर पुढे जाते. डोंगरी सायकलीत यावर उपाय केलेला असतो. चाकाच्या मध्यभागी जो हब असतो, त्याच्या डाव्या अंगाला पोलादाची एक पातळ, छिद्रे असलेली चकती बसविलेली असते. ब्रेक दाबताच दोन लहान गाद्या या चकतीला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारख्या धरतात. चकती जमिनीपासून उंच असल्यामुळे तिला चिखल कमी लागतो.

परंतु या सोयीबरोबर एक जबाबदारीही येते. दार बिजागरीजवळ हात लावून ढकलून पाहावे. कडेला ढकलण्यापेक्षा तेथे कितीतरी अधिक जोर लागतो. तोच नियम येथे आहे. 26 इंची चाकात रिमचा ब्रेक मध्यापासून सुमारे 27 सेंटिमीटरवर धरतो; 160 मिलिमीटर व्यासाच्या चकतीचा ब्रेक केवळ 7 सेंटिमीटरवर. म्हणून चाक तितकेच आवरण्यासाठी चकतीवर जवळजवळ चौपट बल लागते. हे सारे बल चकतीकडून हबकडे पोहोचते, ते तिला आवळून धरणाऱ्या सहा लहान बोल्टांच्या भरवशावर!

ब्रेकपुढे दुसरे संकट उष्णतेचे असते. थांबणाऱ्या सायकलीची गती नाहीशी होत नाही. तिची उष्णता होते. वेग दुप्पट झाला, तर ही उष्णता चौपट होते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात 1976 साली काही तरुणांनी जुन्या, जड सायकली डोंगराच्या उतारावरून पळविण्याची शर्यत सुरू केली. त्यांचे ब्रेक हबच्या आत होते. एका उतरणीतच ते इतके तापत, की आतले ग्रीस धूर होऊन जाई आणि पुन्हा नवे भरावे लागे. त्यावरूनच त्या शर्यतीला ‘रीपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरा’, असे नाव पडले. चकतीचा ब्रेक मोटारींसाठी त्यापूर्वीच निघाला होता. इंग्लंडमध्ये लँचेस्टर या अभियंत्याने 1902 साली त्याचे पेटंट घेतले होते. डोंगरी सायकलींवर तो 1990 नंतरच्या दशकात रुळला. चकती उघड्या हवेत फिरत असल्यामुळे लवकर निवते.

आता ही चकती बसवितात कशी, ते पाहू. प्रथम हबचा जो सपाट भाग चकतीला टेकतो, तो स्वच्छ पुसावा. तेथे मातीचा एक कण जरी राहिला, तरी चकती तिरकी बसते. चकती कडेने धरावी. बोटांचा तेलकटपणाही तिला चालत नाही. ती स्पिरिटने पुसून घ्यावी. ब्रेक कुरकुरतो म्हणून चकतीवर तेलाचे थेंब सोडण्याची चूक कधीही करू नये. कुरकुर थांबेल, पण सायकल थांबणार नाही. चकतीवर फिरण्याची दिशा दाखविणारा बाण कोरलेला असतो. तो चाकाच्या फिरण्याशी जुळला पाहिजे.

नंतर सहाही बोल्ट हाताने आट्यांत फिरवून हलके बसवावेत. पहिला बोल्ट घट्ट पिळून मग दुसऱ्याकडे वळणे, ही उतावळ्याची रीत होय. त्यामुळे चकती एका अंगाला ओढली जाते. तबला सुरात लावणारा वादक एकाच गठ्ठ्यावर घाव घालीत बसत नाही. समोरासमोरचे गठ्ठे थोडे थोडे ठोकीत तो सर्व बाजूंनी ताण सारखा करतो. बोल्टांचेही तसेच. एक आवळावा, मग त्याच्या समोरचा, मग दुसऱ्या जोडीतला. आणि दोन-तीन फेऱ्यांत सर्व घट्ट करावेत.

किती घट्ट, यालाही माप आहे. साधारणतः ते 4 ते 6 न्यूटन-मीटर असते. नेमका आकडा कारखान्याने दिलेला असतो. 10 सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे 6 किलो वजन टांगावे, इतकाच हा जोर. कमी पडला, तर बोल्ट सैल होतात. अधिक झाला, तर हबमधले आटे कायमचे तुटतात. म्हणून कुशल कारागीर जोर दाखविणारा टॉर्क पाना वापरतो. काही हबांना बोल्टच नसतात. तेथे खाचांत बसलेली चकती एकाच मोठ्या कड्याने आवळतात.

चाक काढलेले असताना ब्रेकची मूठ दाबू नये, नाहीतर गाद्या जवळ येतात आणि चकती आत शिरत नाही. चाक बसविल्यावर ते फिरवून पाहावे. चकती डुलत किंवा घासत असेल, तर पुन्हा तपासावे. मात्र फिरत्या चकतीच्या छिद्रांजवळ बोट नेऊ नये; ते कापले जाईल. शेवटी मोकळ्या जागेत सायकल चालवून, मूठ हळूहळू दाबून, वीस-एक वेळा वेग कमी करावा. तेव्हा कोठे गाद्या आणि चकती यांचा मेळ बसतो. वापराने चकती झिजते. अनेक चकत्या नव्या असताना 1.8 मिलिमीटर जाड असतात; 1.5 पर्यंत आल्या, की बदलाव्यात.

हे काम थोड्या वेळाचे आहे, पण ते घाईचे नव्हे. सायकलवर बसलेल्या मुलाला धावत्या चाकातले हे सहा बोल्ट दिसत नाहीत. काल्हेरच्या ओल्या रस्त्यावर पुढची मालमोटार एकाएकी थांबते, तेव्हा तो मूठ दाबतो आणि सायकल जागीच थांबते. कोणीतरी प्रत्येक बोल्ट क्रमाने आणि मापाने आवळलेला असतो, म्हणून तो सुखरूप घरी पोहोचतो.