डुकरात घडला, माणसात रुळला

पावसाळ्यात तापाच्या रुग्णांची रांग वाढली की एक प्रश्न हमखास येतो. ‘डॉक्टर, आमच्या वाडीत एक डुक्कर नाही, घरात कोणी ते खात नाही. मग हा स्वाइन फ्लू आला कुठून?’ प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की, हा विषाणू डुकरांत घडला खरा. पण २००९ पासून तो माणसांचाच होऊन बसला आहे. आज तो पसरतो तो माणसाच्या खोकल्यातून, शिंकेतून आणि हातांतून. नीट शिजवलेल्या मांसातून तो होत नाही.

मग डुकराचे नाव त्याला का चिकटले? फ्लूच्या विषाणूची जनुके एका सलग धाग्यात नसून आठ सुट्या तुकड्यांत असतात. पेशीत शिरण्यासाठी त्याला पेशीवरच्या सायलिक आम्लाचा आधार लागतो. पक्ष्यांच्या आणि माणसांच्या विषाणूंना या आम्लाची वेगवेगळी जोडणी मानवते. डुकराच्या श्वसनमार्गात दोन्ही प्रकार सापडतात. त्यामुळे पक्ष्याचा आणि माणसाचा असे दोन्ही विषाणू एकाच वेळी एकाच डुकराला होऊ शकतात.

असे दोन विषाणू एकाच पेशीत शिरले की पत्ते पिसावेत तसे त्यांचे तुकडे मिसळतात. आठ तुकडे आणि प्रत्येकासाठी दोन पर्याय, म्हणजे २५६ जोड्या शक्य होतात. त्यातल्या बहुतेक निकामी ठरतात. पण एखादी अशी निघते की, जिचे बाह्यरूप आपल्या प्रतिकारशक्तीला अनोळखी असते आणि जी माणसातून माणसात सहज पसरते. तिथून महासाथ सुरू होते.

२००९ चा एच१एन१ नेमका असाच घडला. त्याचे सहा तुकडे उत्तर अमेरिकेतल्या डुकरांत १९९० च्या दशकाअखेरीपासून फिरणाऱ्या विषाणूचे होते. तो विषाणूही मुळात माणूस, पक्षी आणि डुक्कर अशा तिघांच्या विषाणूंची सरमिसळ होता. उरलेले दोन तुकडे युरोप-आशियातील डुकरांतल्या विषाणूचे. एप्रिल २००९ मध्ये तो मेक्सिको आणि अमेरिकेत माणसांत सापडला. ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली आणि ३ ऑगस्टला पुण्यात एका चौदा वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. तो देशातला पहिला बळी. पुढचे दिवस अनेकांना आठवत असतील: तोंडाला रुमाल, नायडू रुग्णालयाबाहेरच्या रांगा, पुण्या-मुंबईत बंद झालेल्या शाळा, आणि त्याच महिन्यात आलेला गणेशोत्सव.

त्या साथीत वृद्धांपेक्षा तरुणांना जास्त लागण झाली. त्याचे कारणही डुकरांच्या इतिहासातच आहे. १९१८ च्या महासाथीने भारतात एक कोटीहून अधिक बळी घेतले. तिच्या विषाणूचा एक वंश माणसांत राहिला, दुसरा डुकरांत. माणसांत तो दरवर्षी रूप बदलत गेला, कारण आपली प्रतिकारशक्ती त्याला जुन्या रूपात टिकू देत नाही. पाळलेले डुक्कर मात्र बहुधा काही महिन्यांतच कापले जाते. कळपात सतत नवी पिल्ले येतात आणि विषाणूला वेश बदलण्याची तेवढी गरज पडत नाही. म्हणून जुने रूप तिथे दप्तरात ठेवावे तसे बरेचसे जपले गेले. ज्यांनी बालपणी या जुन्या रूपाशी मिळताजुळता फ्लू अनुभवला होता, त्या वृद्धांच्या शरीराला २००९ चा पाहुणा थोडा ओळखीचा वाटला. तरुणांना तो पूर्ण परका होता.

यात डुकराला आरोपी ठरवण्यात अर्थ नाही. २००९ मध्ये इजिप्तने देशातली सुमारे तीन लाख डुकरे मारण्याचा हुकूम काढला. साथ थांबली नाही. उलट डुकरांच्या जोरावर कैरोचा ओला कचरा संपवणाऱ्या गरीब कुटुंबांचे पोट गेले. खरे तर २००९ नंतर माणसांनीच हा विषाणू अनेक देशांत पुन्हा डुकरांना दिला आणि तिथे नव्या सरमिसळी सुरू झाल्या. म्हणून कळपांतल्या विषाणूंवर नजर ठेवणे हे जितके पशुवैद्यकाचे काम, तितकेच आमचेही. वराहपालन करणाऱ्यांनी अंगात ताप असताना जनावरांजवळ जाऊ नये आणि कळप खोकू लागला तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

आपल्यासाठी व्यवहाराची गोष्ट अशी. महाराष्ट्रात फ्लू पावसाळ्यात जोर धरतो आणि त्याच सुमारास गणपतीसाठी भरलेल्या गाड्यांतून चाकरमानी घरी येतात. ताप-खोकला असेल तर प्रवास पुढे ढकला. ते जमले नाही तर मास्क लावा आणि घरातल्या आजी-आजोबांपासून अंतर ठेवा. बहुतेकांचा फ्लू विश्रांतीने बरा होतो. पण गरोदर स्त्रिया, लहान मुले, वयोवृद्ध, मधुमेह, दमा, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेले यांनी ताप आल्यावर वाट पाहू नये. ओसेल्टामिविर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर सर्वाधिक उपयोगी पडते. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर पडणे, गुंगी येणे, थुंकीतून रक्त पडणे, यांपैकी काहीही दिसले तर कोणत्याही वयात थेट रुग्णालय गाठावे.

विषाणू रूप बदलतो म्हणून लसही दरवर्षी बदलते. गेल्या वर्षीची यंदा पुरत नाही. जोखमीच्या गटातल्यांनी ती पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये घेतलेली बरी. आंब्याच्या पेट्या बांधायच्या दिवसांत फ्लूची आठवण कोणाला होत नाही, पण लस घेण्याची वेळ नेमकी तीच आहे.