बाब अल बहरीन, हापूस आणि रिकामी खुर्ची

मे महिन्यातला शुक्रवार, सुट्टीचा दिवस. संध्याकाळी मनामातल्या बाब अल बहरीनच्या कमानीतून बाजारात शिरलो आणि एका दुकानात हापूसची पेटी दिसली. भाव ऐकून बायकोने डोळे वटारले, तरी घेतलीच! घरी येऊन पहिलाच आंबा कापला, तर आत पांढरट, स्पंजासारखा गर. साका!

लगेच देवगडला दादाला फोन लावला. तो म्हणाला, "साक्याचं काय घेऊन बसलास? यंदा फुलकिड्यांनी मोहोरच खाल्ला. चार फवारण्या केल्या, काही उपयोग नाही."

"मग शास्त्रज्ञांना दाखव ना."

"कुणाला दाखवू? बागेत येऊन बघणारे साहेब निवृत्त झाले. त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. उरलेल्या एकाकडे तिघांचं काम!"

साक्यावर उत्तर शोधलं तेही अशाच साहेबांनी. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र १९५७चं. तिथे नीलम आणि हापूसच्या संकरातून १९८१मध्ये 'रत्ना' आंबा आला. त्यात साका होत नाही. मग रत्ना आणि हापूसच्या संकरातून १९९२मध्ये पातळ कोयीचा 'सिंधू' आला. आंब्याचं रोप पहिलं फळ द्यायलाच पाच-सात वर्षं घेतं, त्यापुढे कित्येक हंगाम त्याची पारख चालते. म्हणजे आज रिकामी राहिलेली खुर्ची वीस वर्षांनी बागेत जाणवते.

राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही राज्याची चार कृषी विद्यापीठं. तिथली शेकडो पदं वर्षानुवर्षं रिक्त आहेत. अनुदानातला मोठा हिस्सा पगार आणि निवृत्तिवेतनात जातो, प्रयोगांसाठी थोडंच उरतं. देशाचा शेती संशोधनावरचा खर्चही शेतीच्या एकूण उत्पन्नाच्या एक टक्क्याहून कमीच आहे.

आपण आखातातली मंडळी गावच्या देवळाला, शाळेला पैसे पाठवतो. पाठवावेतच. पण शास्त्रज्ञांची भरती देणगीतून होत नाही, ती सरकारनेच करायची असते. म्हणून गणपतीला गावी गेलो की आमदारांना रस्त्याआधी एकच विचारणार आहे, "त्या साहेबांची जागा कधी भरताय?"

तुम्हीही आपापल्या गावी विचारा. आंबा आपल्यालाही खायचाय ना!