लिनक्समध्ये पहिला मान कोणाचा?

लिनक्सवर एखाद्या प्रोग्रामचं नाव टाइप करून एंटर दाबलं, की संगणक त्याचा शोध घेतो. कोणती फोल्डरं कोणत्या क्रमानं बघायची, ही यादी ‘पाथ’ या नावाखाली साठवलेली असते. नाव जिथे आधी सापडेल तिथलाच प्रोग्राम चालतो. पुढची फोल्डरं उघडलीही जात नाहीत. त्यामुळे एकाच नावाचा एक प्रोग्राम सिस्टिमबरोबर आलेला आणि दुसरा वापरकर्त्यानं बसवलेला असेल, तर निकाल या क्रमावर लागतो. पहिला मान वापरकर्त्याच्या प्रोग्रामला द्यावा का? माझ्या मते द्यावा, पण वापरकर्त्याच्या स्वतःच्या कामापुरताच.

गरज खरी आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाचे लिनक्स आणि पायथनचे धडे मराठीतही आहेत. धडा उबंटू या लिनक्स वितरणाच्या आणि सॉफ्टवेअरच्या कोणत्या आवृत्तीवर तयार केला, ते त्यात सुरुवातीलाच सांगतात. समजा, धाराशिव किंवा तुळजापूरच्या कॉलेजातला विद्यार्थी असा धडा गिरवतो आहे. लॅबच्या सामायिक संगणकावर आवृत्ती वेगळी आहे आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड त्याच्याकडे नाही. हवी ती आवृत्ती आपल्या होम फोल्डरात बसवणं एवढंच त्याच्या हातात उरतं. तेवढं करूनही नाव टाइप केल्यावर सिस्टिमचाच प्रोग्राम चालणार असेल, तर बसवून उपयोग काय? डेबियनसारख्या वितरणात स्थिर आवृत्ती निघाली, की त्यातली सॉफ्टवेअरं बहुतांशी गोठवली जातात. पुढे मुख्यतः सुरक्षेच्या आणि गंभीर चुकांच्या दुरुस्त्या येतात. नवं हवं असणाऱ्यासाठी वाट ठेवावीच लागते. म्हणूनच स्थानिक प्रशासकानं बसवलेल्या प्रोग्रामांचं ‘यूएसआर/लोकल/बिन’ हे फोल्डर यादीत सिस्टिमच्या ‘यूएसआर/बिन’आधी येतं, आणि उबंटू होम फोल्डरातल्या प्रोग्रामांना त्याच्याही पुढे बसवतं.

यावरचा पहिला आक्षेप सुरक्षेचा. प्रशासकाच्या अधिकारानं आज्ञा चालवणाऱ्या ‘सुडो’च्या नावाची नकली फाइल एखाद्या घातक प्रोग्रामनं होम फोल्डरात टाकली तर पासवर्ड चोरीला जाईल, हे खरंच आहे. पण ज्याला तुमच्या होममध्ये लिहिता येतं, तो टर्मिनल उघडताना वाचली जाणारी फाइल बदलून ‘पाथ’चा क्रमही फिरवू शकतो. म्हणजे क्रम उलटा ठेवल्यानं चोराला एक पायरी जास्त चढावी लागेल, दार बंद होणार नाही. सध्याचं फोल्डर यादीत घालण्याचा धोका मात्र वेगळा: सामायिक फोल्डरात दुसरा कोणीही, फाइलींची यादी दाखवणाऱ्या ‘एलएस’ या आज्ञेच्या नावानं सापळा ठेवू शकतो. ते टाळायलाच हवं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सिस्टिमची अनेक साधनं स्वतःच पायथनमध्ये लिहिलेली असतात. त्यांना वापरकर्त्याचा पायथन मिळाला, तर ती मोडू शकतात. म्हणून डेबियन आणि फेडोरा आपल्या साधनांत पायथनचा पूर्ण पत्ता लिहितात. मग ‘पाथ’चा प्रश्नच उरत नाही. पण तेवढ्यानं भागत नाही. वापरकर्त्यानं पायथनच्या लायब्ररी बसवणाऱ्या ‘पिप’नं होममध्ये घेतलेली लायब्ररी सिस्टिमच्या पायथनलाही आधी सापडते. फेडोरा ती वाट एका खास पर्यायानं अडवतं. 2023 मध्ये आलेल्या डेबियन 12 पासून तर सिस्टिमचा ‘पिप’ अशी लायब्ररी बसवायलाच नकार देतो आणि प्रत्येक कामासाठी स्वतंत्र आभासी पर्यावरण करायला सांगतो. काहींना ही वापरकर्त्याच्या स्वातंत्र्यावर गदा वाटते. ती तशी नाही: त्या पर्यावरणात हवी ती लायब्ररी घेता येते, फक्त ती बाहेर झिरपत नाही. आपल्या बोअरचं पाणी आपल्या शेताला द्यायला कोणी अडवत नाही. ते गावाच्या टाकीत सोडायचं असेल तर ग्रामपंचायत विचारणारच.

तेव्हा वापरकर्ता मोठा की सिस्टिम, असा हा प्रश्न नाही. आज्ञा कोणी दिली, हे बघायचं. टर्मिनलवर माणसानं दिलेल्या आज्ञेला त्याचा प्रोग्राम आधी मिळावा. सिस्टिमनं आपली साधनं पूर्ण पत्त्यानं आणि स्वतःच्याच लायब्ररींवर चालवावीत. ‘सुडो’नं वापरकर्त्याची यादी बाजूला ठेवून स्वतःची वापरावी, डेबियन आणि उबंटूत तसं होतंही. राहिला एकाच नावाचा नेमका कोणता प्रोग्राम चालला, हा नवख्याचा गोंधळ. ‘टाइप -ए’ या आज्ञेपुढे प्रोग्रामचं नाव दिलं, की त्या नावाचे सगळे प्रोग्राम क्रमानं दिसतात. लिनक्सच्या पहिल्याच तासाला ही आज्ञा शिकवली, तर वापरकर्त्याचा हक्क काढून घेण्याची गरज पडणार नाही.